वाढत्या मापाचा दस्ता

आमच्या घरात तो अख्खा हिवाळा एकाच वादावर जेवणं झाली. रायफल दुकानातून तयार घ्यायची, की सुटे भाग मागवून घरी जोडायची? वसईतून आलेल्या, रोज संध्याकाळी गुडघे टेकून रोझरी म्हणणाऱ्या घरात असा वाद व्हावा याचं मम्मीला शेवटपर्यंत नवल वाटत राहिलं. तिला तिसराच पर्याय पसंत होता, काहीच न घेण्याचा. पण तिचं मत कोणी मागितलं नव्हतं, म्हणून ती ते भांडी घासता घासता, नळाच्या आवाजात मिसळून सांगायची, आणि आम्हाला बरोबर ऐकू येईल एवढ्याच आवाजात सांगायची.

माझी नातवंडं मला त्या महामारीबद्दल विचारतात. शाळेत त्यांना एक धडा आहे म्हणे. त्यांना आजीकडून रिकामे रस्ते, मास्क, भीती असलं काही ऐकायचं असतं. मला मात्र आधी आठवतो तो ब्रिस्बेनजवळच्या टूवूंबातल्या आमच्या घराचा लॉन्ड्रीचा दरवाजा. मम्मी हॉस्पिटलमध्ये नर्स होती आणि त्या दिवसांत तिला ताप-खोकल्याच्या क्लिनिकवर टाकलं होतं. शिफ्टवरून आली की ती पुढच्या दाराने कधीच यायची नाही. मागून लॉन्ड्रीत शिरायची, युनिफॉर्म थेट मशीनमध्ये, आणि मग आंघोळ. गरम पाण्याचा पाइप भिंतीतून कुरकुरायला लागला की पप्पा चहाचं आधण ठेवायचे. तोवर तिला हाकही मारायची नाही, असा तिचाच दंडक. केस टॉवेलमध्ये गुंडाळून ती स्वयंपाकघरात आली आणि "आले गं बाय" म्हणाली, की मग ती खरोखर घरी आली असं धरायचं.

पप्पा मात्र दिवसभर घरीच. ते शेतीची अवजारं बनवणाऱ्या एका कारखान्यात डिझाइन इंजिनियर होते, आणि कामं थांबल्यामुळे त्यांना कळवू तेव्हा या म्हणून सांगितलं होतं. ते कळवणं काही येत नव्हतं. तरी ते पहाटे उठायचे, इस्त्रीचा शर्ट घालायचे, बूटसुद्धा. मग त्या बुटांनिशी घरभर फिरून काय दुरुस्त करता येईल ते शोधायचे. दारांच्या बिजागऱ्यांना तेल घालून झालं, कुंपण रंगवून झालं. एकदा त्यांनी मम्मीचे मसाल्याचे डबे उंचीप्रमाणे लावून ठेवले. वसईहून आलेला बाटलीचा मसाला संपत आला होता, विमानं बंद, नवा येणार कुठून. त्यामुळे मम्मी तो इंदेलच्या रश्श्यात चिमूट चिमूट घालायची, आणि यांनी ती बाटली नेमकी सर्वांत मागे, सर्वांत वर ठेवलेली. त्या दिवशी त्यांना स्वयंपाकघरातून हद्दपार करण्यात आलं. रविवारची मिस्सा टीव्हीवर व्हायची, आम्ही तिघं सोफ्यासमोर गालिच्यावर गुडघे टेकायचो, आणि शांतीचं चिन्ह द्यायची वेळ आली की पप्पा वाकून आधी मम्मीशी, मग माझ्याशी हात मिळवायचे, अगदी गंभीरपणे, जणू आम्ही पुढच्या बाकावरची अनोळखी माणसं. मला हसू यायचं. आता तो हात आठवला की हसू येत नाही.

रायफल आमच्या घरात शिरली ती माझ्यामुळे. मी धावण्यात शेवटची, पोहण्यात त्याहून वाईट, आणि नेटबॉलमध्ये माझ्याकडे कोणी चेंडू टाकायचं नाही. शाळेने एकदा आम्हाला गावाबाहेरच्या रेंजवर नेलं. तिथे पोटावर आडवं पडून, श्वास सोडून, दूरच्या कागदावरच्या काळ्या ठिपक्याकडे बघत स्वस्थ राहायचं होतं. स्वस्थ राहणं मला येत होतं. क्लबचे कोच होते कीथ. गुराढोरांचे डॉक्टर म्हणून निवृत्त झालेले, उंच, कमी बोलणारे. त्यांनी माझा कागद बघितला, मग माझा हात बघितला आणि विचारलं, तू डावखुरी आहेस का? मी म्हटलं हो. ते म्हणाले, मग तर कमालच आहे.

कमाल अशी, की क्लबच्या सगळ्या रायफली उजव्या हाताच्या होत्या. प्रत्येक गोळीनंतर जो बोल्ट मागे ओढायचा असतो तो उजव्या बाजूला. मला दर वेळी हात वरून पलीकडे न्यावा लागायचा, अंग हलायचं, आणि पुन्हा पहिल्यापासून स्थिर व्हावं लागायचं. माझ्या डावखुरेपणावर घरी जुनी तडजोड झालेली होती: जेवायचं मम्मीच्या हुकमाने उजव्या हाताने, लिहायचं पप्पांच्या परवानगीने डाव्या. पण अशी तडजोड रायफलीत चालत नव्हती. मी तेव्हा बारावीत, ज्युनियर म्हणून माझं ते शेवटचं वर्ष. वसंत ऋतूत, म्हणजे इकडे सप्टेंबरात, राज्याच्या ज्युनियर संघाची निवड व्हायची होती. कीथचं म्हणणं स्पष्ट होतं: डाव्या हाताची, तुझ्या अंगाला बसणारी रायफल मिळाली तर तू संघात बसू शकतेस, नाही मिळाली तर नाही. मला आयुष्यात पहिल्यांदाच कुणी कशासाठी तरी लायक म्हटलं होतं, आणि मला ते इतकं हवं होतं की मी ते घरात कुणाला धड सांगतही नव्हते.

कायद्याने रायफल पप्पांच्याच नावावर असणार होती. माझ्यासाठी त्यांनी आधीच लायसन्स काढलं होतं, सेफ्टी कोर्सला जाऊन पहिल्या बाकावर बसून आले होते, आणि गॅरेजच्या भिंतीत लोखंडी कपाट बोल्टने पक्कं केलं होतं. कपाट रिकामं होतं, तरी त्याला कुलूप. मम्मी म्हणायची, आमच्या घरी चोर आला तर हवा चोरून नेईल.

आता दोन रस्ते होते. दुकानदार परदेशातून मागवून देणार होता ती तयार रायफल, ॲल्युमिनियमची, निळी. तिच्या मागच्या भागाला स्क्रू होते. खांद्याला टेकणारा भाग पुढेमागे करायचा, गालाचा वरखाली, कुणाच्याही अंगाला बसेल अशी. मी तिचा फोटो इतक्या वेळा बघितला होता की डोळे मिटून काढून दाखवला असता. दुसरा रस्ता कीथच्या कपाटात होता. त्यांच्या एका जुन्या डावखुऱ्या मित्राच्या रायफलीची नळी आणि बोल्ट त्यांच्याकडे पडून होता, उत्तम स्थितीत, फक्त दस्ता नव्हता. दस्ता म्हणजे लाकडाचा तो सगळा भाग, ज्यात नळी बसते आणि ज्याचं टोक खांद्याला लागतं. त्याचा किट पोस्टाने मिळत होता: अक्रोडाच्या लाकडाचा ओबडधोबड आकार, आतून अर्धवट कोरलेला, सोबत स्क्रू, पट्ट्या आणि रबराचा पॅड. बाकीचं आपण करायचं.

पप्पांनी किटचं पान वाचलं तेव्हा त्यांनी बूट काढून ठेवल्याचं मला आठवतं. एवढे ते त्यात गुंतले. मला तयार रायफल हवी होती. मी तसं सांगितलं, ठणकावून सांगितलं. पप्पांनी कधी लाकडात काम केलेलं नव्हतं. ठाण्याच्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये त्यांची उमेदीची सगळी वर्षं लोखंडात गेली होती. ते म्हणायचे, लाकूड काय, लोखंडापेक्षा मऊच की. मी म्हणायचे, स्क्रूने बसते ती रायफल मापात येण्याची खात्री आहे, तुमचं लाकूड मापात आलं नाही तर? ते म्हणायचे, माप घेणं हाच तर माझा धंदा. मम्मी नळ अजून थोडा मोठा करायची.

शेवटी दुकानदाराचा फोन आला. जहाजं अडकली आहेत, माल बंदरात आहे की अजून निघायचाच आहे ते त्यालाही कळत नव्हतं. ख्रिसमसच्या आधी आशा धरू नका, म्हणाला. म्हणजे निवड झाल्यानंतर. मी फोन ठेवला आणि गॅरेजकडे गेले. दार अर्धं वर केलेलं होतं. पप्पा रिकाम्या टेबलापाशी उभे होते, हातात काही नाही, आणि बाहेर आमच्या गल्लीकडे बघत होते, जसं एखादं माणूस बस येणार नाही हे कळूनही थांब्यावर थांबतं. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं. मी म्हटलं, पप्पा, किट मागवू या. त्यांनी "नक्की ना?" असंही विचारलं नाही. लगेच टेबल पुसायला घेतलं.

ते आठवडे मला आवाजांनी आठवतात. माझी शाळा लॅपटॉपवर, माझ्या खोलीत, आणि भिंतीपलीकडे गॅरेजमधून कानशीचा खर्र खर्र, मग थांबणं, मग व्हर्नियरचा तो बारीक टिक. हो, लाकडाला व्हर्नियर. केसाएवढं लाकूड काढायचे, मोजायचे, पुन्हा केसाएवढं. बाहेर कुंपणावर मॅगपाय पक्षी गळा काढायचे, त्यांच्याशी पप्पा मराठीत बोलायचे. दुपारी मी चहा घेऊन गेले की मला थांबवून दाखवायचे, बघ, इथे रेषा कशी वळली आहे, झाडाला इथे फांदी असणार. लोखंडाला असं काही नसतं गं, म्हणायचे, लोखंड कुठून आलं ते सांगत नाही. पटाशीने एकदा अंगठा चांगलाच कापला. मम्मीने आंघोळीनंतर टॉवेल डोक्याला तसाच ठेवून पट्टी बांधली आणि सांगितलं की दिवसभर हेच करून आलेय, घरी तरी सुट्टी दे. पण पट्टी बांधताना ती त्या दस्त्यावरून हात फिरवताना मी बघितली. जवसाच्या तेलाचा पहिला हात दिल्यावर लाकूड गूळ वितळावा तशा रंगाचं झालं. त्या रात्री जेवताना पप्पा सारखे हाताचा वास घेत होते, आणि कारखान्याचं नाव त्यांच्या तोंडून सबंध जेवणात निघालं नाही.

लॉकडाऊननंतर रेंज उघडल्यावरच्या पहिल्या शनिवारी आम्ही गेलो. एकेकट्याने नेम धरायचा, बाकीच्यांनी लांब उभं राहायचं, असे नियम होते. धुकं होतं, डोंगरकड्यावरून वर येणारं, टूवूंबाचं नेहमीचं. कीथनी रायफल हातात घेतली, उलटसुलट केली, आणि पप्पांकडे बघून मान हलवली. त्यांच्यासारख्या माणसाकडून ते भरपूर होतं. मग मी आडवी पडले.

डोकं पुढे पोचेना. दस्ता खांद्याला लावला की डोळा मागेच राहायचा, आणि डोळा जागेवर आणला की दस्ता खांद्यावरून निसटायचा. मी सरकले, कोपर बदललं, मान ताणली. बोल्ट मात्र लोण्यासारखा चालत होता, माझ्याच हाताच्या बाजूला, आणि त्यामुळे तर आणखी रडू येत होतं. कागदावर गोळ्या शेतात दाणे टाकल्यासारख्या पसरल्या. कीथ माझ्या बाजूला उकिडवे बसले, त्यांनी पंजाने माप घेतलं आणि म्हणाले, "टू लाँग, मेट." मग पप्पांना विचारलं, "मी तुम्हाला फोनवर सांगितलेल्या मापापेक्षा हा लांब का?"

पप्पा म्हणाले की त्यांनी मुद्दाम थोडं जास्त ठेवलंय, ती वाढेल त्यासाठी.

कीथना कळलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं, कोण वाढेल? पप्पांनी माझ्याकडे बोट केलं. कीथनी माझ्याकडे पाहिलं, मग पप्पांकडे. वासरू किती वाढायचं राहिलंय ते त्यांनी आयुष्यभर एका नजरेत ओळखलं होतं. त्यांनी फक्त पेन्सिलीने दस्त्यावर बारीक रेघ मारली, इथपर्यंत, आणि दुसऱ्या मुलाकडे गेले.

हे मला समजावून सांगायला हवं, कारण माझ्या नातवंडांना सगळं मापात मिळतं. आमच्याकडे पोरीला काहीही घ्यायचं ते वाढत्या अंगाचं. माझा चर्चमधल्या पहिल्या कम्युनियनचा फ्रॉक आतून इतका दुमडलेला होता की त्यात आणखी एक फ्रॉक निघाला असता. शाळेच्या ब्लेझरच्या बाह्यांतून माझी फक्त बोटांची टोकं दिसायची. बुटांत पुढे कापूस. सगळ्याच घरांत हे होतं, पण पप्पांच्यात जरा जास्त, आणि त्याचं कारण मम्मीने मला सांगितलं होतं. ते आमच्या आधी एकटेच इथे आले होते. मी लहान होते, मी आणि मम्मी वसईला, आणि ते इथून माझ्यासाठी कपडे पाठवायचे. पार्सल पोचेपर्यंत पोर केवढी होईल याचा अंदाज नाही. म्हणून मोठंच घ्यायचे. आम्ही ब्रिस्बेनला उतरलो तेव्हा त्यांनी आणलेलं जाकीट माझ्या घोट्यापर्यंत आलं होतं. विमानतळावर त्यांनी मला त्यात गुंडाळूनच उचललं.

परतताना गाडीत ते एवढंच म्हणाले, जाड जाकीट न घालता बघ, तेवढा फरक पडेल. नाही पडला. मग म्हणाले, मान जरा लांब करायची सवय कर. त्या आठवड्यात रोज काहीतरी नवीन. रायफल कपाटात, कपाटाला कुलूप, आणि निवड जवळ येत चाललेली. शेवटी एका संध्याकाळी रोझरी संपल्या संपल्या, क्रूसाची खूण करतानाच माझा तोल गेला. "पप्पा, आय ॲम सेव्हन्टीन," मी म्हटलं. "मी अजून वाढणार नाहीये. यू हॅव टू कट इट." पप्पा म्हणाले, मुलं एकदम उंच होतात, त्यांचा स्वतःचा भाऊ विसाव्या वर्षीही वाढला, आणि लाकूड एकदा कापलं की परत जोडता येत नाही.

मम्मी रोझरीचे मणी डबीत ठेवत होती. ती म्हणाली, "विल्सन, तिची उंची गेली दोन वर्षं तेवढीच आहे. मी नर्स आहे, मला कळतं. फेब्रुवारीत ती एवढ्या लांब टाउन्सविलला युनिव्हर्सिटीला जाणार आहे. ती जाताना तुझी रायफल तिच्या खांद्याला लागायला हवी की कपाटाला?"

बंदुकीच्या बाजूने मम्मी बोललेली ती पहिली आणि शेवटची वेळ. पप्पा उठून भात गरम करायला गेले.

निवडीचं काय झालं ते इथेच सांगून टाकते, म्हणजे तो विषय संपेल. माझी निवड झाली, अगदी शेवटच्या जागेवर, पण झाली. मग राज्यांच्या सीमा बंद झाल्या आणि ज्या स्पर्धेसाठी संघ निवडला होता ती झालीच नाही. आमच्या संघाने एकत्र एकही गोळी झाडली नाही. मला युनिफॉर्मचा टी-शर्ट पोस्टाने आला, आणि तो अगदी मापाचा होता. पुढे मी बरीच वर्षं खेळले, त्याच लाकडावर गाल टेकून, कधी बरं, कधी वाईट. पण मला जे लिहून ठेवायचं आहे ते निवडीच्या आधीच्या शनिवारचं आहे.

मी दुपारी गॅरेजमध्ये गेले तेव्हा पप्पांनी लोखंडी भाग काढून कपाटात ठेवले होते आणि नुसता दस्ता टेबलावर बांधला होता. इस्त्रीचा शर्ट, पायात बूट. रेघेभोवती त्यांनी चिकटपट्टी गुंडाळली होती, लाकडाच्या चिपा उडू नयेत म्हणून, आणि काटकोनाचा गुण्या लावून ती रेघ पुन्हा पुन्हा तपासत होते. मला वाटलं, आता म्हणतील अर्धंच कापू. पण मापाच्या बाबतीत खोटं करणं त्यांच्या हातून होण्यासारखं नव्हतं. त्यांनी मला सांगितलं, बाय, ते टोक धर, तुटताना खाली पडू देऊ नको.

मी दोन्ही हातांनी धरलं. करवत चालू झाली तशी ती थरथर माझ्या मनगटात यायला लागली. ते घाई करत नव्हते. लाकडाचा भुसा माझ्या बाहीवर, त्यांच्या बुटांवर पडत होता, तेलाचा वास पुन्हा नव्याने सुटला होता. शेवटी शेवटी त्यांनी करवतीवरचा जोर काढून घेतला, नुसतं तिच्या वजनाने चालू दिलं, आणि तो तुकडा माझ्या हातात आला. पावाच्या कापाएवढा जाड असेल, जास्त नाही. कड आरशासारखी सपाट होती. पप्पांनी तरीही गुण्या लावून पाहिलं, बरोबर आहे असं स्वतःशीच म्हणाले, आणि स्टुलावर बसले.

ते माझ्या हातातल्या त्या तुकड्याकडे बघत म्हणाले, "मला वाटलं होतं, अजून वेळ आहे."

मी त्यांच्याजवळ गेले. ते बसलेले, मी उभी, त्यामुळे त्यांचं डोकं माझ्या खांद्याला लागलं. मी म्हटलं, "पप्पा, मी इथेच आहे ना."

"फेब्रुवारीपर्यंत," ते म्हणाले, आणि हाताच्या पालथ्या बाजूने डोळे पुसले. मग त्यांनी मला रबराचा पॅड द्यायला सांगितला आणि आम्ही दोघांनी मिळून तो बसवला.